लॉन मोअर आणि खवट पेट्रोल

पुण्यातील बहुतेक सोसायट्यांमध्ये लॉन मोअरचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो आणि खंडेनवमीच्या सुमारास ओसरू लागतो. रात्री गार पडल्या की हरळीची वाढ मंदावते, आणि पुढे टँकर मागवण्याच्या दिवसांत लॉन हिरवेगार ठेवण्याचा हट्ट कोणी धरू नये हेच बरे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘हिवाळ्यातील साठवण’ असे एक प्रकरण असते. परंतु आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असे म्हणून ते न वाचताच पुस्तिका कपाटात जाते. हा युक्तिवाद बिनतोड वाटला, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो नेमका उलटा आहे. थंडीत पेट्रोल अधिक टिकते आणि उन्हाळ्यात बिघडते. आपले यंत्र तर दिवाळीपासून मृगापर्यंत, म्हणजे अख्खा एप्रिल-मे धरून, पत्र्याच्या शेडमध्ये उभे असते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून साधारण चार ते बारा कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतील हलके रेणू आधी उडून जातात, आणि गार इंजिन पेटण्यासाठी हवी असलेली वाफ नेमकी त्यांच्याकडूनच मिळत असते. जूनमध्ये दोरी ओढून ओढून माळीकाकांचा खांदा भरून येतो, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक रंजक आहे.

पेट्रोलमधील काही रेणूंत दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. अशा रेणूंना अल्कीन म्हणतात, आणि बीएस-६ या भारतातील इंधन-मानकांनुसार साध्या पेट्रोलमध्ये त्यांचे प्रमाण २१ टक्क्यांपर्यंत चालते. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन तुलनेने सैल धरलेला असतो. तो निसटला की मागे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन उरतो, आणि असा रेणू, म्हणजेच मुक्त मूलक, भलताच आक्रमक असतो. हवेतील ऑक्सिजनच्या रेणूतही असे दोन एकटे इलेक्ट्रॉन असल्याने दोघांचे तत्काळ जुळते. त्यातून बनलेले पेरॉक्सी मूलक शेजारच्या अल्कीनचा हायड्रोजन हिसकावून स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होते. पण त्या झटापटीत शेजारी नवे मूलक बनतो आणि साखळी पुढे चालू राहते. एवढ्यावर भागत नाही. हायड्रोपेरॉक्साइड कालांतराने फुटते आणि एकाची दोन मूलके होतात. तांब्याच्या संपर्कात हे आणखी लवकर घडते, आणि हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरमधील जेट (बारीक भोकाच्या तोट्या) तर पितळेचे, म्हणजे तांबे-जस्ताचे असतात. शेवटी मूलके एकमेकांना जोडली जाऊन जड, चिकट रेणू तयार होतात. फराळ तळून उरलेले तेल खवट होते, तेही याच अभिक्रियेने.

साखळी अभिक्रियेचा स्वभाव असा, की बराच काळ काहीच घडत नसल्यासारखे वाटते आणि मग बिघाड एकदम वाढतो. पेट्रोलमध्ये मुळातच मिसळलेली अँटिऑक्सिडंट द्रव्ये मूलकांना आपला हायड्रोजन देऊन शांत करतात. ती संपली की आवरणारे कोणी उरत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या तुलनेत ४० अंशांना तो चौपट.

या चिकट द्रव्याचा पहिला बळी कार्बोरेटर. त्याच्या वाटीत थोडेसेच पेट्रोल असते, वाटी बारीक छिद्राने हवेला जोडलेली असते, आणि मुख्य जेटचे भोक एक मिलिमीटरहूनही लहान असते. पेट्रोल उडून गेल्यावर मागे वार्निशचा पिवळट थर उरतो आणि ‘कार्बोरेटर चोक झालाय’ हे निदान ऐकावे लागते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील बाष्प शोषून टाकीत पाणी करते, असे संदेश सर्वत्र फिरत असतात. इथेनॉल पाणी ओढते हे खरे. पण हिशोब करून पाहावा. १० टक्के इथेनॉल असलेले एक लिटर पेट्रोल सुमारे ५ मिलिलिटर पाणी सहज विरघळवून ठेवते, आणि २० टक्के इथेनॉल असेल तर त्याहून अधिक. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेतही लिटरमागे बाष्प जेमतेम ३० मिलिग्रॅम असते. त्यामुळे तेवढे पाणी जमायला दीडशेहून अधिक लिटर हवेतील सगळे बाष्प टाकीत उतरावे लागेल, आणि पुण्याची एप्रिलमधली हवा तर कोरडी ठणठणीत. पाणी साठते ते बहुधा सैल झाकणातून शिरलेल्या पावसाचे. इथेनॉलचा खरा उपद्रव जुन्या रबरी नळ्यांना आणि वायसरांना होतो.

खंडेनवमीला यंत्र पुसून त्याला झेंडूची माळ घालतातच. नुसत्या हळदीकुंकवाने मूलके शांत होत नाहीत, तेव्हा त्याच बैठकीत टाकी मोकळ्या हवेत रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि ते निवल्यावर वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. फोर-स्ट्रोक यंत्रातले, म्हणजे तेल न मिसळलेले, ताजे पेट्रोल स्कूटरला चालते. गटारात ओतू नये. बाजारातील स्टॅबिलायझर म्हणजे मुख्यतः जादा अँटिऑक्सिडंट. ते ताज्या पेट्रोलमध्येच घालावे, कारण झालेले वार्निश त्याने परत पेट्रोल होत नाही.

जुन्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातील आम्ले आणि पाणी असते, म्हणून तेही बदलावे. पात्याखालचे ओले गवत खरवडावे, मात्र त्याआधी प्लगची वायर काढून ठेवावी. शेवटी वायर निघालेलीच ठेवून दोरी हळूहळू ओढावी आणि जोर लागू लागला की थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि वळवाची दमट हवा सिलिंडरमध्ये सहजी शिरत नाही.