पेनड्राइव्हवरून आलेली नवी सोय: मोटारसायकलच्या म्युझिक सिस्टीमला अपडेट का लागू लागले?

जून २०२० मध्ये होंडाने गोल्ड विंग या आपल्या लांब पल्ल्याच्या मोठ्या मोटारसायकलच्या मालकांसाठी एक सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं. २०१८ पासूनच्या गाड्यांमध्ये त्याने अँड्रॉइड ऑटो, म्हणजे अँड्रॉइड फोनवरची गाणी, नकाशे गाडीच्या स्क्रीनवर आणणारी यंत्रणा, चालू होत होती. स्पीकर तेच, स्क्रीन तीच, वायरिंगला हातही लावायचा नाही. आयफोनवाल्यांना कारप्ले या तशाच यंत्रणेची सोय पहिल्या दिवसापासून होती, कारण अ‍ॅपल कारप्ले घेऊन आलेली पहिली मोटारसायकल म्हणजे हीच २०१८ ची गोल्ड विंग. बाकीच्यांच्या वाट्याला तशी सोय दोन-अडीच वर्षांनी आली, तीही पेनड्राइव्हवरून. विकून झालेल्या गाडीत कंपनीने नंतर काही घालून द्यावं ही दुचाकीच्या जगात तोवर नवलाईच होती, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मोटारसायकलवर गाणी वाजवण्याची हौस मात्र जुनी आहे. मोटारींमध्ये रेडिओ १९३० च्या सुमारास रुळायला लागला. मोटोरोला हे नावच त्या वर्षीच्या कार रेडिओचं. पण ते रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचे. त्यांना वीज भरपूर लागायची आणि धक्के सोसायचे नाहीत. दुचाकीवर बॅटरी छोटी, थरथर मोठी आणि वरून पाऊस. ट्रान्झिस्टर आल्यावर हे गणित सुटलं.

खरी वाट पाडली ती अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रायडरांनी. होंडाने १९७५ च्या मॉडेल-वर्षात जीएल१००० गोल्ड विंग आणली, तेव्हा ती साधी उघडी गाडी होती. ना काच, ना डिकी. लोकांनी तिच्यावर डिझायनर क्रेग व्हेटरची विंडजॅमर फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) चढवली, सामानाच्या पेट्या लावल्या, रेडिओ बसवले. गिऱ्हाईक काय करतंय हे होंडाने पाहिलं आणि १९८० मध्ये जीएल११०० इंटरस्टेट काढली. फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच बसवलेल्या, आणि हवा असेल तर रेडिओही. सीबी रेडिओचं, म्हणजे जवळपासच्या लोकांशी दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या रेडिओचं वेड सत्तरच्या दशकात अमेरिकेत जोरात होतं, त्यामुळे पुढच्या गाड्यांमध्ये गाण्यांबरोबर दुसऱ्या रायडरशी आणि मागे बसणाऱ्याशी बोलण्याची सोयही येत गेली. वेग वाढला की आवाज आपोआप वाढवणारी यंत्रणाही याच परंपरेतली. वाऱ्याच्या घोंगाटात गाणं ऐकू यायचं तर ती लागतेच.

या सगळ्या रेडिओ-कॅसेट यंत्रांमध्ये अपडेट करण्यासारखं काही नव्हतं. १९८५ ची कॅसेट आणि १९९५ ची कॅसेट एकाच खाचेत बसायची. एफएम स्टेशन लागतंय तोवर रेडिओ वाजायचा. बिघाड झालाच तर तो सुटलेल्या सोल्डरच्या डागाचा, गंजलेल्या कनेक्टरचा किंवा तुटलेल्या बेल्टचा असायचा, आणि मेकॅनिकला तो डोळ्यांनी दिसायचा.

फोन आला आणि हे बदललं. हार्ले-डेव्हिडसनने २०१४ च्या मॉडेलांसाठी, म्हणजे ऑगस्ट २०१३ मध्ये, ‘प्रोजेक्ट रशमोर’ या नावाखाली टूरिंग गाड्या नव्याने मांडल्या. त्यांत ‘बूम! बॉक्स’ आला, वरच्या मॉडेलला ६.५ इंची टचस्क्रीन. ब्लूटूथ, नेव्हिगेशन, बोलून दिलेले हुकूम, सगळं एका डब्यात. म्हणजे हा आता रेडिओ उरला नव्हता, हँडलबारच्या पुढे बसवलेला संगणकच होता. आणि त्याला जोडायचा फोन दरवर्षी नवं सॉफ्टवेअर घेतो. टूरिंग मोटारसायकल लोक पंधरा-वीस वर्षं जपतात, फोन तीन-चार वर्षांत बदलतात. आज जोडलेला फोन उद्याच्या अपडेटनंतर गाडीला ओळखेनासा होतो, तो या तफावतीपायी. २०१९ च्या मॉडेलांत हार्लेने ‘बूम! बॉक्स जीटीएस’ आणला, त्यात कारप्ले होतं. अँड्रॉइड ऑटो इथेही नंतर, सॉफ्टवेअरनेच आलं.

एक अट होंडा आणि हार्ले दोन्हीकडे पुष्कळांना चकवते. कारप्ले चालू व्हायला नुसती केबल पुरत नाही, मायक्रोफोन असलेला हेडसेट गाडीला जोडलेला लागतो. ही यंत्रणा आवाजी हुकुमांवर उभी आहे, आणि मोटारीसारखा छतात माइक बसवायला इथे छतच नाही. अपडेट फसलं असं समजून लोक पुन्हा पुन्हा तेच करत बसतात, आणि हेल्मेटचा हेडसेट मात्र घरी चार्जिंगला असतो.

अपडेटची रीत दिसायला सोपी आहे. संगणकावर फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर टाकायची, गाडीच्या यूएसबीला लावायची, स्क्रीनवर ‘हो’ म्हणायचं आणि थांबायचं. अडतं ते बारीकसारीक जागी. गाडीतल्या अशा यंत्रणांना बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लागतो. बाजारातला ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतो, आणि ३२ जीबीच्या वरचं फॅट३२ करायला विंडोजचं फॉरमॅटचं खिडकीतलं साधन वर्षानुवर्षं नकारच देत आलं. म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेला ८ किंवा १६ जीबीचा जुना पेनड्राइव्ह इथे कामाला येतो. फाइल झिपमध्ये असेल तर उलगडून, सूचनेत सांगितलेल्या जागीच ठेवायची. एका जादा फोल्डरच्या आत गेली की गाडीला ती दिसत नाही.

दुसरी बाब विजेची. इंजिन बंद, चावी चालू, स्क्रीन झगझगीत आणि मेमरीवर लिहिणं सुरू, असा अर्धा-पाऊण तास १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला जड जातो. मध्येच व्होल्टेज पडलं तर जुनं सॉफ्टवेअर पुसलेलं आणि नवं अर्धवट लिहिलेलं, अशी गत होऊन आख्खं युनिट निकामी होऊ शकतं. त्यामुळे बॅटरीला मेन्टेनन्स चार्जर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावूनच बसावं. चार्जर नाही म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवणं हा पर्याय नव्हेच, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. स्क्रीन मध्येच काळी पडते, यंत्रणा स्वतःहून पुन्हा सुरू होते, आणि त्या मिनिटभरात चावी फिरवण्याचा मोह आवरावा लागतो.

पेनड्राइव्हचाही जमाना सरतोय. आपल्याकडे ओला एस१ प्रो या विजेच्या स्कूटरला २०२२ मध्ये मूव्हओएस २ हे नवं सॉफ्टवेअर हवेतूनच, म्हणजे इंटरनेटवरून, मिळालं, आणि गाडीत आधीपासून असलेले स्पीकर त्यानंतर गाणी वाजवू लागले. २०२५ च्या गोल्ड विंगमध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही बिनवायरीचे आहेत. पण बिनवायरीसाठी गाडीत वाय-फायचं हार्डवेअर असावं लागतं. ते नसेल तर पेनड्राइव्हवरून ते उतरवता येत नाही.

तेव्हा जुनी गोल्ड विंग बघायला गेलात तर टायर आणि ऑइलबरोबर सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरची आवृत्तीही वाचा. हेडसेट आणि अँड्रॉइड फोन सोबत न्या. २०१८ किंवा २०१९ ची गाडी असून अँड्रॉइड ऑटो उमटत नसेल, तर २०२० चं ते अपडेट तिच्यात अजून कुणी घातलेलंच नसण्याची शक्यता मोठी.