रिमूव्ह केलं म्हणजे गेलं का? ॲप्टमधले ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’

लालबागच्या एका अभ्यासिकेत मी दर शनिवारी कॉम्प्युटरचं काम बघतो. तिथे 14 जुने पीसी आहेत, सगळ्यांवर डेबियन लिनक्स, आणि नेटची लाइन एकच. डेबियनमध्ये प्रोग्रॅम ‘पॅकेज’ म्हणून येतात आणि ती बसवायचं-काढायचं काम ‘ॲप्ट’ ही कमांड करते. अपडेटच्या दिवशी तीच पॅकेजं चौदा वेळा बाहेरून उतरायची आणि अभ्यासाला आलेल्या मुलांचं नेट रखडायचं. म्हणून एका पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलं. कोणत्याही एका पीसीने मागितलेलं पॅकेज ते नेटवरून आणतं, स्वतःजवळ साठवतं आणि बाकीच्यांना घरातल्या घरातच देतं. त्याचं पोर्ट, म्हणजे बाकीचे पीसी त्याला ज्या दारातून गाठतात त्याचा नंबर, 3142.

बसवायला फार काही लागत नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲप्ट-कॅशर-एनजी’ लिहायचं, एचटीटीपी टनेल चालू द्यायचे का या प्रश्नाला उत्तर द्यायचं, झालं. रिपॉझिटरीचा, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या सर्व्हरचा, पत्ता एचटीटीपीएस असेल तर मात्र नेहमीच्या पद्धतीने तिथली पॅकेजं साठत नाहीत. टनेल चालू असेल तर ती नुसती यातून पुढे जातात.

खरा घोळ काढताना होतो, आणि माझाही झाला. साठा मोठा होईल म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे एसीएनजी डॉट कॉन्फमध्ये, ‘कॅशडिर’च्या ओळीत दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता टाकला. त्या फोल्डरचा मालक रूट, म्हणजे मशिनचा ॲडमिन, होता. सर्व्हिसला तिथे लिहिता येईना, काम बंद पडलं. अशा वेळी कुणालाही सुचतं तेच मलाही सुचलं: काढू आणि नव्याने बसवू. रिमूव्ह केलं, पुन्हा इन्स्टॉल केलं. तोच एरर. परत रिमूव्ह, परत इन्स्टॉल. बाजूला बसलेल्या मुलीने विचारलं, “दादा, तुम्ही काढलंत ना ते? मग जुना पत्ता त्याला अजून कसा माहीत?”

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतं, पण एटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंग फाइलींना हात लावत नाही. ‘पर्ज’ प्रोग्रॅमही काढतं आणि त्या फाइलीही. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी खोलीला कुलूप लावतो. भांडी, गादी, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं जागच्या जागी असतं. परत आला की तीच खोली, तोच पसारा. हे रिमूव्ह. पर्ज म्हणजे सामान आवरून खोली सोडणं.

माझ्या खोलीतलं कॅलेंडर म्हणजे कॅशडिरची ती ओळ. ती जागेवरच होती आणि नवं पॅकेज इमानदारीत तिलाच मानत होतं.

कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे ते ‘डीपीकेजी’ला, म्हणजे ॲप्ट ज्याच्याकडून काम करून घेतं त्या कमांडला, उणे एल (लहान लिपीतलं) लावून चालवलं की कळतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. बसवलेल्या पॅकेजपुढे ‘आयआय’ दिसतं. रिमूव्ह केलेल्यापुढे ‘आरसी’ दिसतं, म्हणजे प्रोग्रॅम काढला पण सेटिंग शिल्लक. पर्ज केलेलं पॅकेज आरसी म्हणूनही उरत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या मशिनवर ही यादी एकदा वाचून बघा, कधीकाळी काढलेल्या कितीतरी गोष्टी आरसी होऊन पडलेल्या सापडतात. त्यांना नंतरही ‘ॲप्ट पर्ज’ आणि पुढे नाव देऊन पूर्ण काढता येतं.

मग काहीजण म्हणतात, पर्ज कशाला, ती फाइल हातानेच डिलीट करू. तसं करू नका. सेटिंगची फाइल दिसली नाही तर डीपीकेजी समजतं की मालकाने ती मुद्दाम काढली आहे, आणि मालकाच्या निर्णयाचा मान राखून पुन्हा इन्स्टॉल करतानाही ती परत आणत नाही. आता प्रोग्रॅम आहे पण सेटिंगच नाही, अशी नवी पंचाईत. यावर सोपा उपाय पर्ज करून बसवणं हाच. मीही शेवटी तेच केलं आणि कोरी एसीएनजी डॉट कॉन्फ मिळाली.

म्हणून रिमूव्ह वाईट, असं मी मुळीच म्हणणार नाही. सेटिंग फाइलीवर दोन संध्याकाळी घालवल्या असतील आणि पॅकेज थोड्या दिवसांसाठीच काढायचं असेल, तर रिमूव्हच हवं. तुमची मेहनत ते सांभाळून ठेवतं. पर्जला परतीचा रस्ता नाही, त्यामुळे आधी फाइलीची कॉपी काढून ठेवा. सेटिंग बिघडल्याचा संशय असेल, किंवा पॅकेज पुन्हा लागणारच नसेल, तर सरळ पर्ज. ॲप्टऐवजी ॲप्ट-गेट वापरत असाल तरी हे दोन शब्द तसेच चालतात. ‘ऑटोरिमूव्ह’ हे तिसरंच प्रकरण आहे. सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं ते काढतं.

पर्जलाही हद्द आहे. तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंग्जना ते हात लावत नाही. साठवलेल्या डेटाचं काय करायचं हे प्रत्येक पॅकेजची स्वतःची स्क्रिप्ट ठरवते, म्हणून पर्जनंतर व्हार-कॅश फोल्डरवर ‘डीयू’ ही जागा मोजणारी कमांड चालवून जागा खरंच मोकळी झाली का ते बघायचं. साठा दुसऱ्या डिस्कवर हलवला असेल तर तिथेही बघायचं.

सगळ्यात जास्त अडवते ती तुम्ही स्वतः लिहिलेली फाइल. बाकीच्या 13 पीसींना साठ्याचा रस्ता कळावा म्हणून ‘ॲप्ट डॉट कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये मी एकेक प्रॉक्सीची फाइल ठेवली होती. ती कोणत्याच पॅकेजची नाही, त्यामुळे रिमूव्ह किंवा पर्जला तिचा पत्ताच नाही. सर्व्हर काढला आणि ती तशीच राहिली, तर प्रत्येक पीसी 3142 वर जाऊन दार ठोठावतो आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ सांगत परत येतो. नेट चालू, ब्राउझर चालू, फक्त अपडेट बंद.

त्यामुळे काढायची वेळ आली की मी उलट्या क्रमाने जातो. आधी तेराही पीसींवरची प्रॉक्सीची फाइल काढतो, त्यातल्या एकावर ‘ॲप्ट अपडेट’ चालवून ते थेट नेटवर जातंय ना ते बघतो, आणि मगच सर्व्हरच्या पीसीवर बसून पर्ज लिहितो.