लेझर शाफ्ट अलाइनमेंट

कपलिंगने जोडलेल्या दोन यंत्रांचे, उदाहरणार्थ मोटर आणि पंप यांचे, शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत हे लेझर किरणाने मोजण्याची पद्धत. अक्षरेषा समांतर पण बाजूला सरकलेल्या असल्या तर तो ऑफसेट. त्यांच्यात कोन असला तर कोनीय दोष. प्रत्यक्षात दोन्ही सहसा एकत्रच सापडतात. लवचीक कपलिंग हा फरक सोसून घेते, पण त्याचा ताण बेअरिंग आणि सीलवर पडतो. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या यंत्राला साधारणतः ०.१ मिमीपेक्षा कमी ऑफसेट चालतो; वेग वाढला की सूट आणखी घटते.

डायल गेजने, म्हणजे सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने, हे काम आजही होते आणि कसलेला फिटर ते उत्तम करतो. मात्र गेज धरणारा दांडा लांब असला की स्वतःच्या वजनाने लवतो आणि ते लवणे रीडिंगमध्ये मिसळते. किरण असा लवत नाही. जर्मनीतील प्रूफटेक्निक कंपनीने १९८४ मध्ये ‘ऑप्टअलाइन’ हे लेझर उपकरण आणले आणि आकडेमोडही यंत्राकडे गेली.

त्याच्या एका प्रकारात एका शाफ्टवर लेझर व संवेदक आणि दुसऱ्यावर प्रिझम बसवतात. शाफ्ट एकत्र फिरवले की परतलेला ठिपका संवेदकावर सरकतो. किरण आधी अचूक अक्षावर आणावा लागत नाही, कारण मोजायचा असतो तो ठिपक्याच्या जागेतला बदल. हा बदल साइन वक्राप्रमाणे होत असल्याने घड्याळातल्या ९, १२ आणि ३ च्या जागांवरची तीन रीडिंगे पुरतात. त्यांवरून मोटरच्या पुढच्या-मागच्या पायांखाली किती जाडीची शिम (धातूची पातळ पट्टी) घालायची किंवा काढायची, हे पडद्यावर येते. कपलिंगमध्ये ढिलाई असेल तर शाफ्ट एकाच दिशेने फिरवावेत.

त्याआधी ‘सॉफ्ट फूट’ तपासावा लागतो. चारपैकी एक बोल्ट सैल करताच पडद्यावरचा आकडा ०.०५ मिमीहून अधिक उडाला, तर तो पाय बेसप्लेटवर नीट टेकलेला नाही. बहुतेकदा खाली गंज, रंगाचे पापुद्रे किंवा एकावर एक रचलेल्या पातळ शिम निघतात. हे टाळून घेतलेले रीडिंग, उपकरण कितीही महाग असले तरी, निरुपयोगीच.

उष्णतेचा हिशेबही धरावा लागतो. ३०० मिमी उंचीचा पोलादी आधार ४० अंश सेल्सिअसने तापला की सुमारे ०.१४ मिमी वाढतो. म्हणून गरम द्रवाचा पंप थंड असताना मुद्दाम तेवढा खाली ठेवतात. वाफेच्या लाइनजवळ तापलेल्या हवेने किरणही थरथरतो, तिथे अनेक रीडिंगांची सरासरी घ्यावी.