गाजरावाडीचा गाळ आणि नारळाची करवंटी

पाण्याच्या फिल्टरचं जुनं कार्ट्रिज फेकायच्या आधी मी ते कापून बघते. आत तांदळाच्या कणीएवढे काळे दाणे, हात लावला की बोटं काजळतात. हा बहुधा नारळाच्या करवंटीचा कोळसा. हवा न लागू देता करवंटी भाजायची, मग ८००-९०० अंशांवर तिच्यात वाफ सोडायची. वाफ कोळसा आतून कुरतडते. एका ग्रॅमच्या पोटात घाण चिकटायला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो, म्हणजे डझनभर बॅडमिंटन कोर्टं!

ड्रेनेजच्या गाळाचंही असंच करता येतं, हे ऐकून शेजारच्या काकूंनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. "म्हणजे गटारातनं पाणी गाळायचं?"

काकू, प्यायचं नाही. रंग-रसायनांच्या कारखान्यांचं. वडोदऱ्याच्या भोवतालच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी ५० किलोमीटरहून लांब कालव्यानं खंभातच्या आखाताकडे जातं. असल्या पाण्यासाठी.

मैलापाणी शुद्ध करताना जीवाणू घाण खाऊन वाढतात, आणि तळाशी बसतो तो गाळ म्हणजे मुख्यतः त्यांचीच शरीरं. त्या पद्धतीला १९१४पासून 'ॲक्टिव्हेटेड स्लज' म्हणतात आणि या कोळशाला 'ॲक्टिव्हेटेड कार्बन'. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही, पण घोटाळा हमखास होतो. आपल्या वडोदऱ्यातल्या गाजरावाडीत १९९२मध्ये कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी गाळातले रोगजंतू मारणारं केंद्र सुरू झालं. जंतू मरतात, पण शिसं, जस्त, क्रोमियम जिथल्या तिथे राहतात. शेतात टाकायला मन कचरतं ते त्यामुळे.

कोळसा करताना गाळाला कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियमचा जहाल क्षार) चोळून ७००-८०० अंशांवर भाजतात. पोटॅश कार्बन खातो, त्यातून सुटलेला पोटॅशियम कार्बनच्या थरांमध्ये घुसून त्यांना फाकवतो. नंतर आम्लानं धुतलं की भोकं मोकळी. तरी करवंटीशी बरोबरी सहसा होत नाही, कारण वाळल्या गाळात तिसरा हिस्सा, कधी अर्धासुद्धा, राखच असते.

माझ्या मते ही शर्यत लावूच नये. भोकं कमी असली तरी त्यांच्या भिंतींवर काय आहे ते बघावं. नायट्रिक आम्लानं भिंतीवर आम्लगट बसवले की ते शिसं, तांबं पकडतात. लोहाचे ऑक्साइड चढवले की आर्सेनिक आणि फॉस्फेट अडकतात. आणि ते चुंबकीय जातीचे असले तर काम झाल्यावर पूड लोहचुंबकानं ओढून काढता येते. गाळात लोह आणि नायट्रोजन आधीच असतात, करवंटीला ते बाहेरून द्यावे लागतात. मात्र गाळातलेच जड धातू पुन्हा पाण्यात झिरपत नाहीत ना, ही चाचणी प्रत्येक घाण्याला हवीच.

अडतं ते वाळवण्यात. यंत्रात पिळून काढलेल्या गाळातही ८० टक्के पाणी असतं. एक किलो कोरडा माल हवा तर चार किलो पाणी उडवा. त्याला सुमारे १० मेगाज्यूल उष्णता लागते. तो एक किलो माल पूर्ण जाळला तरी मिळतात १० ते १५. भट्टी स्वतःलाच खाऊन बसते.

म्हणून ऊन. वडोदऱ्याचा मे महिना फुकटात गाळ कडकडीत वाळवतो, गच्चीवरच्या कुरडयांसारखा. जुलैत काय करायचं, ते मात्र काकूंनाही सांगता आलं नाही.