सदनिका संकुलांतील पाण्याचा पुनर्वापर (कोल्हापूर)

इमारतीत आलेले पाणी एकदा वापरून गटाराला सोडून न देता ते जागेवरच शुद्ध करणे, फ्लश, बाग व गाड्या धुण्यासाठी पुन्हा घेणे आणि गच्चीवर पडणारा पाऊस साठवणे किंवा मुरवणे, अशी ही एकत्रित व्यवस्था आहे.

कोल्हापुरात पाण्याची ओरड तशी कमीच. पंचगंगा शहराला लागून वाहते, वर्षाला सुमारे १,००० मिमी पाऊस पडतो आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणीही थेट पाइपलाइनने शहरात पोहोचले. त्यामुळे ‘पाणी वाचवा’ हे आवाहन इथल्या सोसायटीच्या सभेत कोणी फारसे मनावर घेत नाही. खरी अडचण वापरून झालेल्या पाण्याची आहे. शहराचे सांडपाणी जयंती व दुधाळी नाल्यांवाटे नदीकडे जाते. ते अडवून कसबा बावडा (क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर) आणि दुधाळी येथील केंद्रांत शुद्ध केले जाते. पण नाला बंधाऱ्यावरून वाहू लागला की मैलापाणी सरळ पंचगंगेत मिसळते. उन्हाळ्यात नदीवर पसरणारी जलपर्णी याच मैल्यावर पोसते. खालच्या अंगाला असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती.

शहरी पुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातले ४५ लिटर फ्लशमध्ये जाते. ४० सदनिकांच्या इमारतीत १८० माणसे राहतात असे मानले, तर रोज ८,१०० लिटर पिण्याजोगे पाणी संडासात ओतले जाते. तेवढ्यापुरते शुद्ध केलेले सांडपाणी सहज चालते. मात्र त्यासाठी वेगळी पाइप आणि गच्चीवर वेगळी टाकी लागते. बांधकामाच्या वेळीच हे केले तर खर्च आवाक्यात राहतो. राजारामपुरीतल्या जुन्या इमारतीत त्यासाठी प्रत्येक बाथरूम फोडावे लागेल. तिथे मोरीचे पाणी बागेकडे वळवणे एवढेच शहाणपणाचे.

शुद्धीकरणाचा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार असा: टाकीत प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चकत्या तरंगत असतात, त्यांवर जिवाणूंचा थर धरतो आणि ब्लोअरने सोडलेल्या हवेवर जगून ते मैला खातात. हवा बंद पडली की काही तासांत दुर्गंधी सुटते. नेमकी इथेच सोसायटी चुकते. लाइट बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करतात, सकाळी वास येतो आणि ‘प्लँट बिघडला’ म्हणून तो कायमचा बंद होतो. संडास धुण्याचे ॲसिड सढळ हाताने ओतले तरी जिवाणू मरतात. मोकळी जागा असल्यास खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ लावून मोरीचे पाणी मुरत नेण्याची पद्धत सोपी पडते. तिला वीज जवळजवळ लागत नाही.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीने ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन बंधनकारक केले आहे. ५०० चौ. मी. गच्चीवरून, गळती वजा जाता, वर्षाला सुमारे चार लाख लिटर पाणी हाती येऊ शकते. वळवाचे पहिले पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडावे. खाली काळा पाषाण असल्याने पाणी वरच्या मुरुमाच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतूनच झिरपते, म्हणून शोषखड्डा कुठेही खणून चालत नाही. पूर्वी हे काम शहरातली तळी करत. त्यांपैकी कपिलतीर्थावर आज भाजी मंडई आहे, तर वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले.

महापुरात ही व्यवस्था कसोटीला लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले; धोक्याची पातळी ४३ फूट आहे. उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असून नळ कोरडे राहिले आणि शहर टँकरची वाट पाहत बसले. अशा दिवसांत गच्चीवरून उतरलेले पाणी फ्लशला आणि धुण्याभांड्याला कामी येते. पण नागाळा पार्क किंवा शाहूपुरीसारख्या पूरबाधित भागात शुद्धीकरणाची यंत्रणा तळघरात बसवली, तर पहिला बळी तिचाच जातो. ब्लोअर आणि विजेचे पॅनेल पूररेषेच्या वर ठेवावे, गटाराला जोडणाऱ्या नळीवर पाणी उलटे न येऊ देणारी झडप लावावी. बुडालेला प्लँट पुन्हा सुरू करताना टाक्या उपसून दुसऱ्या चालू प्लँटमधला गाळ आणून टाकतात. जिवाणू रुजायला त्यानंतर काही आठवडे लागतात.