पार्श्वभूमी : पानाच्या पोटातलं बिऱ्हाड

ऐरोलीच्या खाडीकडेला तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते. मुळांवाटे आलेलं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. पान दिसायला निरोगी, हिरवंगार. पण आत, पेशींच्या मधल्या फटींत, बुरशी राहत असते. रोग न करता, मुकाट. येऊरचा साग घ्या नाहीतर सोसायटीच्या फाटकाजवळचा आंबा, तिथेही हाच प्रकार.

ती बघायची पद्धत साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमते. पान नळाखाली धुवायचं, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचं, मग ब्लीचच्या पाण्यात, शेवटी निर्जंतुक पाण्यात खळबळायचं. हे शेवटचं पाणीसुद्धा वेगळ्या प्लेटवर घालून ठेवतात. तिथे काही उगवलं तर धुणं कच्चं राहिलं, सगळी मेहनत वाया. नीट जमलं तर बटाट्याच्या अर्काच्या आगरवर (जेलीसारख्या थरावर) ठेवलेल्या तुकड्यातून काही दिवसांत कापसासारखे धागे निघतात, तेही बहुधा कापलेल्या कडेतून. मग ही बुरशी जंतूंसोबत वाढवायची. भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं पडलं, म्हणजे बुरशी जंतूंना रोखणारं, कदाचित औषधी, काही सोडते असं दिसलं, की मुलं आधी मोबाइल काढतात. फोटो काढण्याजोगं असतंच ते. त्या कड्यावर किती भिस्त ठेवायची, हा मात्र जुना वाद आहे.

झाडाच्या आत असं मुकाट राहणाऱ्या जिवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटॉन द बारी यांनी १८६६ मध्ये आणला. त्यानंतर शंभरएक वर्षं औषधं शोधणाऱ्यांनी तिकडे फारसं पाहिलं नाही, कारण माती भरभरून देत होती. आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ साली थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवर चालणारं हॅमायसिन शोधलं. ते बनवणारा जिवाणू पिंपरीच्याच मातीतला, म्हणून त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. औषधाच्या नावातली 'एच' आणि 'ए' ही अक्षरं कारखान्याची. पुढे मातीतून तीच ती रसायनं पुन्हा हाती येऊ लागली आणि नवी जागा शोधणं भाग पडलं.

झाडांकडे सगळ्यांची नजर वळली ती १९९३ मध्ये, आणि तीही कर्करोगाच्या औषधामुळे. टॅक्सॉल हे पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळे. साल सोलली की झाड मरतं, आणि ते वाढतं अगदी सावकाश. अशात अमेरिकेतल्या मोंटानामधल्या स्टिअर्ल दांपत्याने आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं, की याच झाडातली एक बुरशी स्वतः टॅक्सॉल बनवते. अँड्रिया स्टिअर्ल यांच्या नावावरून तिला टॅक्सोमायसिस अँड्रिआनी म्हणतात. जगभर प्रयोगशाळा कामाला लागल्या. पण मिळणारं टॅक्सॉल लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे हिशेबातही न धरण्याइतकं. २०१३ मध्ये तर जर्मन संशोधकांनी ती बुरशी पुन्हा तपासली आणि स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. माझ्या मते एवढ्या गाजावाजाचा खरा फायदा एकच झाला : लोक झाडांच्या आत डोकावू लागले.

कडुनिंबाचंच बघा. बनारस हिंदू विद्यापीठातले संशोधक आणि हेच स्ट्रोबेल यांनी २००९ मध्ये कडुनिंबाच्या मुळातल्या बुरशीतून जावानिसिन हे जिवाणूंना रोखणारं रसायन वेगळं केलं. पिढ्यान् पिढ्या निंबाच्या काडीने दात घासणाऱ्यांना त्यात नवल वाटणार नाही, पण आता गुण झाडाचा की आतल्या बिऱ्हाडकरूचा, हे छातीठोकपणे सांगणं अवघड झालं.

प्लेटवरून थेट औषधाच्या दुकानात पोचलेलं ठळक उदाहरण ज्युनिपर या झुडपाच्या पानांतलं. त्यातल्या हॉर्मोनेमा बुरशीचं एन्फ्युमाफंजिन हे दुसऱ्या बुरशींना मारणारं रसायन २००० साली जाहीर झालं. त्यात रासायनिक फेरफार करून बनलेल्या इब्रेक्साफंजर्पला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली : कँडिडा या बुरशीच्या योनीसंसर्गावर, पोटात घ्यायची गोळी. मध्ये एकवीस वर्षं गेली.

बाकीचं गाडं बहुतेकदा दुकानापर्यंत पोचण्याआधीच अडतं. झाडाबाहेर काढून पुन्हापुन्हा वाढवली की बुरशी ते रसायन बनवणंच कमी करते. झाड आणि आतले शेजारी यांच्याकडून मिळणारे इशारे प्लेटवर नसतात. खाडीतल्या तिवराबाबत आणखी एक अडचण. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तेव्हा पानं आणायची तर आधी वनखात्याकडे अर्ज. सहा महिन्यांत प्रबंध द्यायचा असलेली मुलं मग कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबावरच भागवतात.