महाराजा मॅकमध्ये गोमांस असते काय?

मॅकडोनाल्ड्स या उपाहारगृह साखळीच्या भारतातील बर्गरबद्दलचा ‘महाराजा मॅक म्हणजे नाव बदललेला बिग मॅकच, त्यातही गोमांसच असते,’ हा समज चुकीचा आहे. मॅकडोनाल्ड्सचे शाखाचालक जिम डेलिगाटी यांनी १९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात विकायला काढलेल्या बिग मॅकमध्ये पावाच्या तीन चकत्यांमध्ये गोमांसाच्या दोन टिक्क्या असतात, हे खरे. परंतु १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आले तेव्हा महाराजा मॅकमध्ये रचना तीच ठेवून टिक्क्या मटणाच्या केल्या गेल्या आणि पुढे त्यांची जागा चिकनने घेतली. मका व चीजची शाकाहारी आवृत्तीही निघाली. भारतातील त्यांच्या स्वयंपाकघरांत शाकाहारी पदार्थ वेगळे रांधले जातात व ते करणारे कर्मचारी हिरवा एप्रन घालतात, ही काळजी मला फार मोलाची वाटते.